अपवाह, रहाट आणि रुळांकडेचा पालक : मुंबई उपनगरांतील भाजीमळ्यांच्या पाण्याचा इतिहास

प्रस्तावना

पर्जन्यजल वाहिन्यांचा आराखडा करताना अभियंत्यांना एक गुणांक गृहीत धरावा लागतो. पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा जमिनीवरून वाहत वाहिनीत येईल, हे तो गुणांक सांगतो. मुंबईच्या जुन्या वाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ हा अपवाह गुणांक धरून बांधल्या गेल्या होत्या. १९८५ च्या पुरानंतर हाती घेतलेल्या आणि १९९३ मध्ये सादर झालेल्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने ताशी ५० मिलिमीटर पाऊस आणि १ हा गुणांक धरावा, अशी शिफारस केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्यानंतर २५ आणि ५० या आकड्यांची चर्चा वर्तमानपत्रांतून भरपूर झाली, पण ०.५ चा १ झाला ही गोष्ट तांत्रिक तपशील म्हणून बाजूला राहिली.

अभियांत्रिकीतील गुणांकाचे इतिहासाच्या निबंधात काय काम, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. निम्मा पाऊस माती पिऊन घेईल, असे जुन्या आराखड्याने मानले होते. नव्या आराखड्याने माती काहीच पिणार नाही असे मानले, आणि व्यवहारात ते बरोबरच होते. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात साष्टी बेटावरील वाड्या, मळे, खाचरे आणि तलाव नाहीसे झाले. पावसाचे वाहते पाणी गाळून शहरातील भाजीपाल्याला द्यावे, ही कल्पना आज पर्यावरणविषयक परिसंवादांतून नवी म्हणून मांडली जाते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या परिसराचा विचार करता ती नवी नाही. येथे शेकडो वर्षे भाजीपाला पावसाच्या गाळलेल्या पाण्यावरच पिकत होता आणि गाळण्याचे काम जमीन करीत होती. जमीन झाकली गेली व पर्जन्यवाहिनीत सांडपाणी आले, तेव्हा त्याच पिकाला 'गटाराची भाजी' हे नाव मिळाले. हा बदल कसा झाला आणि त्याचा दोष कोणाच्या माथी मारला गेला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

कान्हेरीच्या पोढ्या

बोरिवलीच्या पूर्वेस, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास तेथे खोदकाम सुरू झाले आणि सुमारे हजार वर्षे वस्ती टिकली. एवढ्या मोठ्या भिक्षुसंघाला चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढावयाचे होते. त्यांनी डोंगराच्या उघड्या पाठीवर उथळ पन्हळी कोरून वाहते पाणी वळविले आणि ते जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खोदलेल्या टाक्यांत साठविले. कान्हेरीच्या ब्राह्मी शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले असून, लेण्याबरोबर पोढीचे दान केल्याचे उल्लेख वारंवार येतात. कल्याण, सोपारा येथील व्यापारी या दात्यांत आहेत. पावसाचे पाणी साठविणे हे पुण्यकृत्य म्हणून दगडावर नोंदले गेले, ही गोष्ट साधी नव्हे.

याच लेखांत शेतांच्या दानाचेही उल्लेख आहेत. त्यांतील एक शेत मंगलस्थान, म्हणजे आजचे बोरिवलीजवळचे मागाठाणे, येथील आहे. डोंगरावर पाणी साठवायचे आणि खालच्या गावातील शेताच्या उत्पन्नावर संघाचा निर्वाह चालवायचा, अशी ही व्यवस्था होती. कान्हेरीचा कातळ पाणी शोषत नाही. आजच्या परिभाषेत बोलायचे तर तेथील अपवाह गुणांक १ च्या जवळचा आहे. तरीही ते पाणी वापरण्याजोगे राहिले, कारण पाणलोटात घाण टाकणारे कोणी नव्हते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

साष्टीतील वाडी, विहीर आणि रहाट

डोंगर उतरून खाली आल्यावर चित्र बदलते. साष्टीची सपाट जमीन दोन हंगामांत विभागलेली होती. पावसाळ्यात डोंगरावरून येणारे ओहोळ बांध घातलेल्या भाताच्या खाचरांत अडत, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरे आणि गाळ मागे राही. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल होई. भाजीपाला मात्र मुख्यतः गावाच्या कडेच्या वाड्यांत, विहिरीच्या पाण्यावर पिके. ज्या पावसाने खाचरे भरली, तोच पाऊस माती आणि मुरुमातून झिरपत विहिरीत येई आणि दिवाळीनंतर रहाटाने वर काढला जाई. रहाटाच्या लोट्यांतून पन्हळीत, पन्हळीतून पाटात, पाटातून दंडात आणि दंडातून वाफ्यात, असा त्याचा प्रवास होता. यातील प्रत्येक शब्द मराठीत अजून जिवंत आहे, परंतु उपनगरातील विद्यार्थ्याला त्यांतील बहुतेक शब्द समजावून सांगावे लागतात.

जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८२ मध्ये निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भातजमीन, वरकस जमीन आणि बागायत यांचे सविस्तर वर्णन आहे. हे वर्णन महसुली नजरेचे आहे. त्यामुळे विहिरीवर किती आकार बसतो हे कळते, पण विहिरीचे पाणी वाटून घेताना होणाऱ्या भांडणांचा आणि समजुतींचा पत्ता त्यातून लागत नाही. तरी एवढे निश्चित दिसते की, बागायत हे कोण्या एका जातीचे काम नव्हते. पाचकळशी, माळी, आगरी, कुणबी आणि ज्यांना पुढे 'ईस्ट इंडियन' म्हटले गेले ते ख्रिस्ती शेतकरी, असे अनेक समाज या भागातील शेती-बागायतीत होते. मुंबई बेटावरील वाड्या एकोणिसाव्या शतकात घरांखाली गेल्या. गिरगावातील फणसवाडी, केळेवाडी ही नावे तेवढी उरली. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत आणि १८६० च्या दशकात वसई-विरारच्या बाजूला रेल्वे गेली, तेव्हा साष्टी आणि वसईची भाजी मुंबईच्या बाजारात पोहोचविणे सोपे झाले.

या व्यवस्थेत तलावांचे स्थानही लक्षात घ्यावयास हवे. वांद्र्याचा तलाव, कुर्ल्याचा शीतल तलाव, मालाडचा शांताराम तलाव ही आज प्रामुख्याने मूर्तिविसर्जनाची किंवा सुशोभीकरणाची ठिकाणे आहेत. अशा गावतलावांत पावसाळ्याचे वाहते पाणी थांबे, गाळ तळाशी बसे आणि पाणी हळूहळू मुरत भोवतालच्या विहिरींना मिळे. अर्थात या सर्व व्यवस्थेचे अतिरिक्त गुणगान करण्याचे कारण नाही. कोकणातील बेसॉल्ट खडकात पाणी फार साठत नाही, चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठत, गोराई-मनोरीसारख्या खाडीकाठी पाणी मचूळ होई आणि रहाटावर बैलाइतकेच माणूसही राबे. कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरता येईल, हेही जातीने ठरत असे.

शहराची तहान आणि विहिरींवरील संशय

उपनगरांच्या वाहत्या पाण्याचा पहिला मोठा आधुनिक वापर उपनगरांसाठी झालाच नाही. १८५४ च्या टंचाईनंतर मिठी नदीच्या वरच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये त्याचे पाणी मुंबई बेटाला मिळू लागले. १८७९ मध्ये तुळशी तलाव आला. पवईचा तलाव १८९० च्या सुमारास घाईने बांधला गेला, परंतु त्याचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही. ते पुढे आरे दुग्ध वसाहत आणि कारखान्यांच्या वापरासाठी देण्यात आले. पिण्यास नापसंत ठरलेले पाणी दुसऱ्या कामास द्यावे, हे तत्त्व महापालिकेला पवईच्या निमित्ताने पूर्वीच कळले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा आघात हिवतापाच्या निमित्ताने झाला. डॉ. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये मुंबईतील हिवतापाच्या कारणांविषयी अहवाल दिला. त्यात त्यांनी शहरातील विहिरी व टाक्या हे ॲनॉफिलिस डासांचे मुख्य उत्पत्तिस्थान असल्याचे दाखविले. विहिरी बुजविण्याच्या किंवा झाकण्याच्या नोटिसा निघाल्या, धार्मिक विहिरींच्या बाबतीत हिंदू आणि पारशी नागरिकांनी विरोध केला आणि हा वाद अनेक वर्षे चालला. बेंटली यांचे शास्त्र चुकीचे नव्हते. मात्र या मोहिमेनंतर नगरप्रशासनाच्या दृष्टीत विहीर ही पाण्याची साठवण न राहता रोगाची जागा झाली. नळाचे पाणी आधुनिक आणि विहिरीचे पाणी संशयास्पद, ही धारणा सुशिक्षित मध्यमवर्गात खोलवर रुजली.

१९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. तोवर वांद्रे, कुर्ला, घाटकोपर-किरोळ अशा छोट्या नगरपालिका आपापला कारभार पाहत होत्या. १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंतचा, तर १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंतचा भाग बृहन्मुंबईत आला. त्याबरोबर १८८८ चा महानगरपालिका अधिनियम आणि शहरी नळपाणी योजना येथे लागू झाल्या. मलवाहिन्यांचे जाळे मात्र त्याच गतीने आले नाही, आणि माझ्या मते उपनगरांच्या पाण्याच्या इतिहासातील निर्णायक गोष्ट हीच आहे. मरोळसारख्या ठिकाणी औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, चाळी आणि झोपडवस्त्या वाढल्या, गृहनिर्माण संस्था आल्या. नळाने आलेले स्वच्छ पाणी वापरून झाल्यावर जाणार कोठे? ते जवळच्या ओहोळात गेले. कागदोपत्री मुंबईत मलवाहिनी वेगळी आणि पर्जन्यवाहिनी वेगळी आहे. प्रत्यक्षात उपनगरांतील पर्जन्यवाहिन्या व नाले मलवाहिन्यांचे काम करू लागले. पोईसर, दहिसर, ओशिवरा या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात उगम पावणाऱ्या नद्यांना लोक 'नाला' म्हणू लागले, यात नवल नाही.

रुळांकडेचे मळे

याच काळात भाजीमळ्याने उपनगरात शेवटची जागा धरली, ती रेल्वेच्या रुळांशेजारी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि याच सुमारास सरकारने 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम हाती घेतली. रेल्वेची पुढे चाललेली योजना त्याच नावाने ओळखली जाते. रुळांलगतची मोकळी जमीन नाममात्र शुल्कावर कनिष्ठ श्रेणीतील रेल्वे कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. हेतू दुहेरी होता. भाजी पिकावी आणि जमिनीवर अतिक्रमण होऊ नये. यांतील दुसरा हेतूच अधिक महत्त्वाचा होता, असे दिसते. परवाना कर्मचाऱ्याच्या नावे आणि राबणारा माणूस परप्रांतातून आलेला मजूर, असे अनेक ठिकाणी घडले.

कुर्ला ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यांतील लोकलच्या प्रवाशांनी पालक, लाल माठ, मुळा, भेंडी, अळू यांचे हे हिरवे तुकडे वर्षानुवर्षे पाहिले आहेत. त्यांना पाणी मिळे ते लगतच्या नाल्यातून किंवा रुळांकडेच्या चरांतून, डब्याने अथवा छोट्या पंपाने. नाल्याला पर्जन्यवाहिनी म्हणतात. परंतु भाजीला पाणी लागते ते ऑक्टोबर ते मे या काळात, आणि त्या काळात नाल्यात पावसाचा थेंबही नसतो. उपनगरांतील नद्यांचा मूळ प्रवाह पावसाळ्यापुरता. उन्हाळ्यात नाला वाहतो याचा अर्थच असा की, त्यातून सांडपाणी वाहते. जेव्हा पाणी पावसाचे असते तेव्हा मळ्याला त्याची गरज नसते, आणि जेव्हा गरज असते तेव्हा पाणी पावसाचे नसते. रहाटाच्या काळात या दोन ऋतूंना जोडणारा दुवा विहीर होती. तो दुवा तुटल्यावर शेतकऱ्याला नाला उरला.

या भाजीविषयीची चिंता निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांच्या सिंचनासाठी मर्यादा सुचविली होती. ती दर १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठाजन्य जिवाणू १,००० पेक्षा अधिक नसावेत आणि एका लिटरमागे कृमींचे एकाहून अधिक अंडे नसावे, अशी होती. उघड्या नाल्याचे पाणी या कसोटीच्या जवळपासही येत नाही. २००६ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी केवळ पाण्याच्या शुद्धतेवर भर न देता पाणी देण्याची पद्धत, कापणीपूर्वी पाणी बंद ठेवणे, भाजी धुणे आणि शिजविणे, असे अनेक अडसर एकत्र धरले. पालक आपण शिजवून खातो, त्यामुळे जंतूंचा धोका बराच कमी होतो. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मात्र शिजवून जात नाहीत, आणि पालेभाज्या ते अधिक शोषतात. वाळू-खडीच्या गाळणीतून गाळ अडतो, कृमींची अंडीही बऱ्याच प्रमाणात अडतात, पण पाण्यात विरघळलेली रसायने तशीच पुढे जातात. तेव्हा नाल्यावर गाळणी बसविली की प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही.

परंतु सार्वजनिक चर्चेत दोषी ठरला तो डब्याने पाणी शिंपणारा माणूस. नाल्यात मलजल सोडणाऱ्या इमारती, कारखाने आणि मलवाहिन्या टाकण्यात मागे पडलेले प्रशासन यांची नावे त्याच्या नावाइतक्या सहजपणे घेतली गेली नाहीत. गेल्या काही वर्षांत रेल्वेने ही शेती आवरती घेण्याचे धोरण स्वीकारले. नव्या मार्गिकांसाठीही जमीन लागली. ग्राहकाच्या आरोग्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्य मानला तरी नाला त्यामुळे स्वच्छ झाला नाही. त्याचे पाणी भाजीत न जाता खाडीत गेले, एवढाच फरक. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथील नव्या मलजल प्रक्रिया केंद्रांची एकूण क्षमता दररोज सुमारे २,४६४ दशलक्ष लिटर ठरविण्यात आली आणि कामे २०२२ नंतर मार्गी लागली. ती पूर्ण झाल्यावर नाल्यांत काय वाहते, हे पाहावे लागेल.

गच्ची, टाकी आणि जागेचा हिशेब

आता प्रश्न उरतो तो स्वच्छ अपवाहाचा. मुंबईत १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना २००२ पासून पर्जन्यजल संधारण बंधनकारक झाले आणि २००७ मध्ये ही मर्यादा ३०० चौरस मीटरपर्यंत खाली आली. गच्चीचे पाणी हे आजच्या उपनगरातील कान्हेरीचा कातळ होय. ते शोषले जात नाही आणि त्यात मलजल मिसळत नाही. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून दिले, म्हणजे धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा निघून जाते. उरलेल्यास खडी, वाळू आणि कोळशाची साधी गाळणी भाजीच्या कामापुरती पुरते.

गच्चीवरील भाजीची परंपराही महाराष्ट्रात आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून पालापाचोळा, थोडी माती आणि मोजके पाणी यांवर घरच्या घरी भाजी पिकविण्याचे प्रयोग सर्वसामान्यांपर्यंत नेले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ च्या सुमारास प्रीती पाटील यांच्या पुढाकाराने स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर बाग उभी राहिली, तिची प्रेरणाही याच विचारात होती. या प्रयोगांत कचरा आणि माती यांचा विचार मुळापासून झाला. पाणी मात्र बहुतेक घरगुती गच्चीबागांत अजूनही नळाचेच असते, म्हणजे शंभर किलोमीटरच्या परिघातील धरणांतून आणलेले आणि पिण्यासाठी शुद्ध केलेले.

एक साधा हिशेब मांडता येईल. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर हंगामात २,००० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ८० टक्के हाती लागला, तर १,६०,००० लिटर पाणी मिळते. १० चौरस मीटरच्या भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे दररोज ५ लिटर धरले, तर ऑक्टोबर ते मे या सुमारे २४० दिवसांत १२,००० लिटर लागतात. गच्चीवरच्या पावसात असे तेरा वाफे सहज भागतील. पाऊस कमी नाही, जागा कमी आहे. १२,००० लिटर म्हणजे तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाकी. अंधेरी किंवा घाटकोपरमध्ये एवढ्या जागेत एक वाहन उभे राहते, आणि गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेत वाहन आणि वांगी यांच्यात मतदान झाल्यास निकाल काय लागेल, हे सांगावयास नको.

यावर मार्ग म्हणून पाणी जमिनीत मुरविण्यासाठी शोषखड्डे सुचविले जातात, आणि अनेक इमारतींनी नियमाची पूर्तता तशीच केली आहे. पाणी खड्ड्यात उतरते, मुरुमात शिरते आणि पुढे कोणाच्याही उपयोगी पडले की नाही याची नोंद राहत नाही. रहाटाच्या काळी मुरलेले पाणी वर काढणारी विहीर त्याच वाडीत असे. आज मुरविण्याचा नियम आहे, पण वर काढून कशासाठी वापरावे याविषयी नियमात शब्द नाही. आवारातील जुनी विहीर बांधकामाच्या नकाशावर अडचण म्हणून दिसते. बोरिवली आणि अंधेरीच्या गावठाणांत, एकसर, वझिरा, मरोळ, आंबोली अशा ठिकाणी, जुन्या विहिरी अजून शोधता येतात. त्यांची खोली, ऋतुमानानुसार पाण्याची पातळी आणि भोवतालच्या वाडीची शेवटची पिके यांची मौखिक नोंद करणे हे महाविद्यालयाच्या इतिहास आणि भूगोल विभागांना दोन-तीन वर्षांत सहज जमण्यासारखे काम आहे. आरेच्या पाड्यांतील आदिवासी कुटुंबे पावसावर काकडी, शिराळी, पडवळ पिकवून जवळच्या बाजारात विकतात. त्यांच्याकडील ज्ञानही याच नोंदीत यावयास हवे.

या पाहणीची सुरुवात दहिसर नदीपासून करता येईल. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत ती खडकांवरून वाहणारी नदी आहे आणि हद्द ओलांडल्यावर काही किलोमीटरच्या आत ती नाला होते. उद्यानाच्या हद्दीपासून खाडीपर्यंत तिला कोणत्या क्रमाने, कोणकोणत्या वाहिन्या येऊन मिळतात, याचा नकाशा जानेवारी महिन्यात, म्हणजे पावसाचे पाणी नसताना, चालत जाऊन करता येतो.